बेरीज कुणाची?

एंटर दाबायच्या आधी बाईंचं बोट हवेतच थांबायचं. पदराचं टोक डाव्या मुठीत, मान जराशी तिरकी, आणि उजवी तर्जनी बटनाच्या वर. मग मागं न बघता त्या विचारायच्या, "बेरीज कुणाची?"

ज्याचं काम असेल त्यानं उत्तर द्यायचं.

"शेळ्यांची, बाई."

"नुसत्या शेळ्यांची, का करडं धरून?"

"करडं धरून."

"मग तसं म्हण की."

एवढं झालं की बोट खाली यायचं. आकडा यायचा. बाई तो मोठ्यानं वाचायच्या आणि बसल्या जागी किंचित मागं रेलायच्या, चुलीवरची भाकरी फुगल्यावर एखादी बाई रेलते तशा. तुमच्याही कचेरीत असं कुणीतरी असेल. यंत्राला घाई असते आणि या माणसांना नसते. सुरुवातीला त्यांची गंमत वाटते, मग कंटाळा येतो, आणि मग कधीतरी लक्षात येतं की आपलंही बोट आता तसंच थांबायला लागलंय.

परभणीत शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबांसाठी काम करणारी एक संस्था होती. बी-बियाणांच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. जिन्यातच खताचा वास यायचा. बाई तिथल्या हिशेबनीस नव्हत्या, संगणकतज्ज्ञही नव्हत्या. वीसेक वर्षं गावोगाव फिरून बचत गट बांधणारी बाई, गुडघे दुखायला लागले म्हणून खुर्चीवर आलेली. एक्सेल त्या चाळिशीनंतर शिकल्या होत्या, तेही स्वतःच, चुकतमाकत. म्हणून त्यांना शिकवता यायचं.

मी तिथं मुलाखतीला गेले तेव्हा अर्जात 'कॉम्प्युटर येतो' असं लिहिलं होतं. कोर्स केला होता, प्रमाणपत्र होतं. बाईंनी मला एक रकाना दाखवला. उभाच्या उभा, आकड्यांनी भरलेला. म्हणाल्या, "खालच्या चौकोनात याची बेरीज आण."

मी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. पडद्यावरचा एकेक आकडा बघून एकेक दाबत गेले. मध्ये एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाई बघत होत्या. शेवटी आलेलं उत्तर मी खालच्या चौकोनात टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

बाईंनी तो चौकोन पाहिला. मग त्यांना हसू आवरेना. टेबलावरची बाटली उचलून पाणी प्यायल्या, तरी हसू थांबेना.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "पंगतीत बसून घरचा डबा खायलीस की तू."

मला वाटलं, नोकरी गेली. पण त्याच म्हणाल्या, "सोमवारपासून ये. उत्तर बरोबर हाय तुझं. चुकल्यावर पहिल्यापासून धरलंस, ते मी बघितलं."

आमची वाडी येलदरीच्या बाजूला. परभणीला रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं आणि शहरात एकटीला ठेवायला आबा तयार नव्हते. आबा म्हणजे माझे वडील. शेळ्यांच्या मागं आयुष्य गेलेला, कमी बोलणारा माणूस. बाई स्वतः आल्या त्यांना समजवायला. फाट्यावर उतरून उन्हाची पायवाट चालत आल्या. ओट्यावर बसल्या तोवर आमच्या एका शेळीनं त्यांचा पदर तोंडात घेतला. मी धावले. बाईंनी पदर ओढलासुद्धा नाही.

"खाऊ दे तिला. सुती हाय, पचंल," म्हणाल्या आणि आबांशी बोलत राहिल्या. "तुमची लेक माझ्या घरी राहील. मी आन माझी आई, दोघीच आसतो. तिला काय झालं तर मला धरा."

आबांनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. "तुमच्या भरवशावर पाठवायलोय बगा," एवढंच म्हणाले.

मी बाईंच्या घरी दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत राहू लागले. त्यांच्या आईला ऐकू कमी यायचं. माझं नाव रेखा, पण तिनं ते कधी नीट ऐकलंच नाही. ती मला 'येलदरी' म्हणायची. "येलदरी जेवली का गं?" भाकरी टम्म फुगली की वरचा पातळ पापुद्रा ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. बाई म्हणायच्या, "जन्मभर मला नाही दिला कधी. आता बघ कसं प्रेम उतू चाललंय." रागावल्यासारखं म्हणायच्या आणि स्वतःच्या ताटातला लोणच्याचा खार माझ्या ताटात टाकायच्या.

निवडून बेरीज करायला त्यांनी मला शिकवलं ते दुपारच्या डब्याच्या वेळी. कुणीतरी चिवडा आणला होता. बाईंनी तो वर्तमानपत्रावर पसरला.

"सगळ्याची बेरीज कुणीबी करतं. यातले फक्त शेंगदाणे मोज. कसं मोजशील?"

"शेंगदाणे बघून."

"म्हणजे तीन गोष्टी आल्या. कुठं बघू? कागदावर. काय बघू? शेंगदाणा. काय जोडू? जेवढे हातात येतील तेवढे. झालं तुझं एक्सेलमधलं सम-इफ सूत्र. त्याला कंसात या तीनच गोष्टी सांगायच्या, ह्याच क्रमानं. कुठं बघू, काय बघू, काय जोडू."

मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. मग एक अट पुरेना झाली. गावही बघायचं आणि जनावरही बघायचं, असं काम आलं. त्यासाठी दुसरं सूत्र, सम-इफ्स. त्यात क्रम उलटा. जोडायचा रकाना आधी लिहायचा, अटी मागून. मी रोज गोंधळायची. बाई म्हणाल्या, "हे लग्न हाय असं समज. नवरदेव पुढं, वऱ्हाड मागून." त्यानंतर मी कधी चुकले नाही. आजही ते सूत्र लिहिताना आधी नवरदेव लिहिते.

त्यांचा एक किस्सा ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता, पण मी तो डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून सांगते.

शेळ्यांसाठी खनिज मिश्रणाची पाकिटं गावोगाव पाठवायची होती. ज्या गावात जितक्या शेळ्या, तितकी पाकिटं. पिंगळीहून फोन आला की माल फार कमी पडला, निम्म्या बाया रिकाम्या हातानं घरी गेल्या. बाईंनी फाईल उघडली आणि नाक पडद्याला लावून बसल्या. निम्म्या ओळींत 'पिंगळी' दीर्घ लिहिलं होतं, निम्म्यांत ऱ्हस्व. सूत्रानं दीर्घ पिंगळी शोधली, तेवढीच जोडली. ऱ्हस्व पिंगळी त्याच्या लेखी दुसरंच गाव.

"मशीनला माया नसती," बाई म्हणाल्या. "आपण दाखवू त्येच गाव, आपण लिहू त्येच माणूस."

दुसऱ्या दिवशी राहिलेली पाकिटं पोत्यात घालून त्या पॅसेंजरनं पिंगळीला निघाल्या. मला बरोबर घेतलं. स्टेशनवर कुणी घ्यायला आलं नव्हतं. बाई फलाटावर पोत्यावरच बसल्या. थोड्या वेळानं बाया आल्या, त्यातली एक चांगलीच तापलेली होती. "आमच्या शेळ्या काय शेळ्या न्हाईत का?" असं तिनं लांबूनच विचारलं.

बाई पोत्यावरून उठल्या. गुडघा धरून उठल्या आणि हात जोडले. "तुमच्या गावाची वेलांटी चुकली आमची. शेळ्यांची काही चूक न्हाई."

त्या बाईला वेलांटी म्हणजे काय ते कळलं का नाही, कोण जाणे. पण तिला हसू आलं. मग फलाटावरच वाटप झालं. परतीच्या गाडीत बाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "रेखे, बेरजेतून माणूस गळलं तर त्याला कळतबी न्हाई, का गळलं ते. त्याला वाटतं आपलंच नशीब. म्हणून जपायचं."

मी तेव्हा त्यांच्याकडं बघत राहिले होते. आपण कुणाच्या हाताखाली काम करतो याचा असा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पुढचं सांगायचं म्हणजे आता दवाखान्याचं सांगायला लागतं.

एका मोठ्या देणगीदारानं संस्थेला जनावरांचा छोटा दवाखाना बांधून द्यायचं ठरवलं. एक डॉक्टर, औषधं, लसी ठेवायला फ्रीज. जिल्ह्यात एकच. दोन भाग शर्यतीत होते. एक आमच्या वाडीचा, येलदरीकडचा. दुसरा चुडाव्याच्या अलीकडचं एक मोठं गाव, रेल्वेलाईनला लागून. जिथं शेळ्यामेंढ्या जास्त तिथं दवाखाना, असं संस्थेच्या सचिवांनी बैठकीत सांगितलं. आमच्याकडं शेळी आजारी पडली तर तिला टेम्पोत घालून लांब न्यावं लागायचं, आणि वाटेतच खेळ संपायचा. त्यामुळं वाडीत या दवाखान्याची फार आशा धरली गेली. आणि दोन्हीकडच्या मोजणीचं काम बाईंनी मला दिलं.

मोजणी आली ती नेमकी ऊसतोडीच्या दिवसांत. आमच्या वाडीतली निम्म्याहून जास्त घरं तेव्हा कुलूपबंद. कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. जनावरं मात्र वाडीतच, म्हाताऱ्यांच्या जिवावर. शेजारच्या साळूआजीकडं स्वतःच्या लेकाच्या शेळ्या होत्याच, वर भावकीतल्या दोन घरांच्याही होत्या. डोळ्यांनी अंधुक दिसायचं तिला. हाकेवरून शेळी ओळखायची.

मी तिच्या शेळ्यांच्या वाड्याशी उभी राहून बाईंना फोन लावला.

"बाई, घराला कुलूप आहे, लेक-सून उसाला गेलेत. शेळ्या म्हातारीकडं आहेत. कसं लिहू?"

"घर कुठंबी गेलं असंल. शेळी कुठं हाय?"

"इथं."

"मग शेळी इथं लिही. दोन रकाने कर. एकात कुटुंब कुठं ते, दुसऱ्यात जनावर कुठं ते. बेरीज जनावराच्या रकान्यावरून करायची. कळलं?"

कळलं होतं. मी तसंच केलं. साळूआजीनं विचारलं, "आमच्या धरल्यास का गं सगळ्या?" मी म्हणाले, "सगळ्या धरल्या आजी. करडंसुद्धा." ती म्हणाली, "मग दवाखाना व्हतोय बग आता." घरी आबांनीही विचारलं. मी त्यांना सांगितलं, आपला आकडा चुडाव्याकडच्या गावापेक्षा बराच पुढं आहे. फाईल बाईंच्या हातात दिली तेव्हा तो आकडा मी स्वतः पाहिला होता आणि बाईंनीही पाहिला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला होता.

निकालाची सभा परभणीतच एका मंगल कार्यालयात होती. दोन्हीकडचे लोक बोलावले होते. आमच्या वाडीतून आबा आणि आणखी काही जाणती माणसं आली. आबांनी नवा फेटा बांधला होता. मी पडद्याजवळ लॅपटॉप घेऊन बसले होते. पानं पुढं सरकवायचं काम माझ्याकडं. सादरीकरण आदल्या दिवशी बाईंनी स्वतः केलं होतं. मला म्हणाल्या होत्या, "तू दमलीस, मी बघते."

सचिवांनी सांगितलं तसं मी पान पुढं सरकवलं. मागं पडदाभर दोन आकडे आले. आमचा आकडा मी काढलेल्या बेरजेच्या निम्म्याहून खाली होता.

मला वाटलं, मी चुकीचं पान उघडलं. मी मागं गेले, पुन्हा पुढं आले. आकडा तोच.

सचिवांनी जाहीर केलं की दवाखाना रेल्वेलाईनच्या गावाला. तिकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा उठून उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. फेट्याचा शेमला हातात धरून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं जनावर जास्त हाय. ह्यात कायतरी फरक पडायलाय."

सचिवांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी माईक घेतला.

"मोजणी आणि बेरीज दोन्ही तुमच्याच वाडीच्या रेखानं केली आहे," त्या म्हणाल्या. सभेत त्या शुद्ध बोलायच्या. "बाहेरचं कुणी नाही. तुमच्याच घरची मुलगी आहे. तिच्यावर तरी विश्वास ठेवा."

सगळी वाडी माझ्याकडं वळली. मी उठले. बाईंकडं पाहिलं. त्या हातातले कागद टेबलावर आपटून सारखे करत होत्या. कडेला कडा लागेपर्यंत करत होत्या. मी तशीच उभी राहिले. आबा हळूच खाली बसले.

सभा संपल्यावर मी बाईंना ऑफिसच्या जिन्यात गाठलं, खताच्या वासात. त्या एकेक पायरी धरून चढत होत्या.

"बाई, आमच्या वाडीचा आकडा असा कसा झाला?"

त्या थांबल्या. लपवलं नाही त्यांनी, एवढं म्हणेन. "कुटुंबाच्या रकान्यावरून काढली बेरीज. जे हजर, तेवढेच धरले."

"पण तुम्हीच सांगितलं होतं, जनावराच्या रकान्यावरून करायची."

"सांगितलं होतं."

"मग?"

"दवाखाना तिकडं जाणार हे आधीच ठरलं होतं, लेकरा. देणाऱ्यांना गाव लाईनवर पायजे होतं. सचिव म्हणाले, आकडा बसवा. मी न्हाई म्हणाले असते तर दुसऱ्या कुणी बसवला असता."

मला ते सुद्धा समजलं असतं, असं आता वाटतं. वरून दाब येतो, माणूस वाकतं. सगळीकडं चालतं. मी विचारलं ते दुसरंच.

"माझं नाव कशाला घेतलंत?"

बाई कठड्याला टेकल्या. धाप लागली होती त्यांना. "माझं घेतलं असतं तर गाव उलटलं असतं. पुन्हा पाय ठेवता आला नसता तिकडं. तू त्यांची लेक हायस. चार दिवस बोलतील, मग इसरतील. आपल्या लेकीला कुणी तोडतं का?"

"मला विचारलं असतंत तर?"

"तू न्हाई म्हणाली असतीस," बाई म्हणाल्या.

इतक्या सरळ म्हणाल्या. ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, खोटं बोलल्या असत्या तरी बरं झालं असतं. मी नाही म्हणतेय, हे त्यांनी मनात आधीच पाहिलं होतं आणि तरी पुढं गेल्या होत्या.

मी घरी जाऊन कपडे पिशवीत भरले. त्यांची आई चुलीशी होती. "येलदरी, जेवून जा," म्हणाली. मी तिच्या कानाशी वाकून गावाला जाते म्हणाले. "मग भाकरी बांधून देते," म्हणत तिनं फडकं शोधायला घेतलं. ते सापडेपर्यंत मी थांबले. तिच्यावर कसला राग धरायचा.

वाडीत मला कुणी शिवी दिली नाही. ते सोपं झालं असतं. लोक बोलताबोलता गप्प व्हायचे, एवढंच. आधी कुणाचं रेशनचं काम असो, लेकराचा फॉर्म असो, माझ्याकडं यायचे. ते बंद झालं. आबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "माय, ती बेरीज तू केलीस का?" मी म्हणाले, "न्हाई, आबा." ते म्हणाले, "मग झालं." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण पाराकडं जाणं त्यांनी सोडलं. संध्याकाळी शेळ्या बांधल्या की ओट्यावरच बसून राहायचे.

साळूआजीच्या लेकाला उसावरच कळलं होतं. तो परत आला तेव्हा मला रस्त्यात भेटला. मी सगळं सांगायचा प्रयत्न केला, रकाना, अट, बाई. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमी पोटासाठी बाहेर गेलो म्हून आमच्या शेळ्याबी न्हाईत झाल्या?" आणि पुढं निघून गेला. एवढ्या वेळात मी त्याला जे समजावू शकले नव्हते ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. पण त्याचा माझ्यावर विश्वास बसला, असं मला वाटलं नाही.

मी जिंतूरला एका दूध संकलन केंद्रावर कामाला लागले. गायीचं दूध वेगळं, म्हशीचं वेगळं, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. दिवसभर तेच. कुठं बघू, काय बघू, काय जोडू. तिथं एकदा मालकानं विचारलं, "इतकं चांगलं कुठं शिकलीस?" मी म्हणाले, कोर्स केला होता. तो खोटेपणा मला अजून खोटेपणा वाटत नाही. कुणी शिकवलेलं आवडेनासं झालं तरी ते बोटांतून काढून परत देता येत नाही. पुन्हा पहिल्यासारखी कॅल्क्युलेटर घेऊन बसायची सोय नाही.

पुढच्या हिवाळ्यात साथ आली. शेळ्यांच्या नाकातून पाणी, तोंडात फोड, हगवण. आधी एका घरी, मग सगळीकडं. पुन्हा ऊसतोडीचेच दिवस, पुन्हा कर्ती माणसं बाहेर. टेम्पो करून न्यायलाही कुणी नव्हतं. म्हातारी माणसं हळदीचं पाणी पाजत बसली. सरकारी डॉक्टर लांबून यायचे ते संध्याकाळी यायचे, तोवर आणखी दोन-चार आडव्या झालेल्या असायच्या. साळूआजीचा वाडा जवळजवळ रिकामा झाला. ती हाका मारायची आणि उत्तर न आलं की हातानं चाचपून बघायची.

मी कामावर रजा टाकून वाडीत राहिले होते. एका सकाळी संस्थेची जीप आली. पुढं डॉक्टर होता, मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या आणि त्यांच्यामध्ये अवघडून बसलेल्या बाई. पेट्या धरायला म्हणून त्या मागं बसल्या असाव्यात. त्या उतरल्या तेव्हा गुडघा आखडला होता, गाडीच्या दाराला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मला पाहिलं. मी पाहिलं नाही असं केलं.

मग कळलं की त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. ड्रायव्हरनंच सांगितलं. सचिव नको म्हणत होते, बाई भांडून निघाल्या. हे कळल्यावर माझ्या मनात काहीतरी हललं, नाही असं नाही. आणि त्याचाच मला राग आला.

दिवसभर त्या डॉक्टरच्या हाताखाली राबल्या. शेळी मांडीत धरायची, तोंड उघडायचं, औषध घशाखाली जाईपर्यंत मान सोडायची नाही. पदर घाणीनं भरला. वाडीतली माणसं डॉक्टरशी बोलत होती. बाईंशी कुणी बोलत नव्हतं. आमच्या दारात आल्या तेव्हा आबांनी शेळ्या सोडून आणल्या, धरून ठेवल्या, सगळं केलं. बाई म्हणाल्या, "आबा, मी..." आबा म्हणाले, "आधी ह्या बारकीला पाजा." आणि बाईंनी पाजलं.

दुपार कलल्यावर साळूआजीकडं चहा झाला. तिच्या राहिलेल्या दोन शेळ्यांना टोचून झालं होतं. तिनं चाचपत सगळ्यांना कप दिले, डॉक्टरला, ड्रायव्हरला, मला, बाईंना. बाईंच्या हातात कप देताना तिचा हात त्यांच्या बांगड्यांना लागला. ती माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "ही कोण हाय गं? सकाळधरनं राबायली बिचारी. तुझ्या वळखीची हाय का?"

बाईंनी कप ओठांशी नेला होता, तो तसाच धरून ठेवला.

मी आधी लोकांना सांगायची तेव्हा 'आमच्या बाई' म्हणायची. परभणीत, वाडीत, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईलाही. ते दोन शब्द तोंडापर्यंत आले होते.

"संस्थेतून आलेल्या हायेत, आजी," मी म्हणाले. "डॉक्टरसंगं."

"आसं व्हय," साळूआजी म्हणाली. "देव भलं करो तिचं."

बाईंनी चहा संपवला. स्वतःच उठून रांजणातलं पाणी घेतलं, कप विसळला, उंबऱ्याशी पालथा घातला. डॉक्टरनं पेट्या आवरल्या. रिकाम्या झाल्या होत्या, तरी बाई मागंच बसल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांची आई गेली आणि त्या जिल्हा सोडून कुठंतरी गेल्या, असं मला नंतर कुणाकडून तरी कळलं. कुठं, ते मी विचारलं नाही. मला आठवते ती ती जीप. वाडीच्या वाटेवरून ती हळूहळू गेली, कारण वाटेत आमच्याच शेळ्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मागच्या काचेतून बाईंचं डोकं दिसत होतं, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. शेळ्या बाजूला होईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात त्यांना मागं वळून बघता आलं असतं आणि मला चार पावलं पुढं जाता आलं असतं. मग वाट मोकळी झाली.